स्विफ्टला मोठी चाकं लावायची? आधी टेप आणि ओळंबा काढा

माझी स्विफ्ट जुनी, मधल्या प्रकारातली व्हीएक्सआय. कंपनीकडून आली तेव्हा पत्र्याच्या १४ इंची डिस्क, म्हणजे साध्या रिम, आणि वर १६५/८० आर१४ टायर. पहिल्यांदा चाकं बदलली तेव्हा मी सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी अलॉयचं, म्हणजे मिश्रधातूच्या रिमचं, डिझाइन आवडलं, मग त्यावर कुठला टायर चढेल ते विचारलं, आणि गाडीला काय झेपतं ते सगळ्यात शेवटी कळलं. १७ इंची अलॉय महिनाभर झकास दिसले. मग ऐन पावसात माणगावच्या अलीकडे पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात डावं पुढचं चाक आदळलं. रिमची आतली कड वाकली, टायरला लिंबाएवढा फुगा आला. तेव्हापासून मी आकडेमोड आधी करतो. तुमची गाडी आय१० असो वा टियागो, रीत हीच. आकडे तेवढे बदलतील.

१. गाडीवरचं माप वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. मूळ टायरचं माप आणि हवेचा दाब त्यावर छापलेला असतो. १६५/८० आर१४ ८५टी याचा अर्थ असा: टायरची रुंदी १६५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंची. ८५ हा भाराचा क्रमांक आणि टी हे वेगाचं अक्षर. हे सगळं कागदावर लिहून घ्या. टायरवाल्याकडे जाताना तोच कागद खिशात ठेवायचा.

२. चाकाचा पूर्ण व्यास काढा

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा, कारण अर्ध्या चुका इथेच होतात. रिम मोठी म्हणजे चाक मोठं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. रिम वाढवली की टायरची भिंत तेवढीच कमी करायची, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतचा व्यास जवळजवळ तोच राहतो.

हिशेब शाळेतला आहे. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. ही भिंत वर एक, खाली एक, म्हणून २६४. रिमचे १४ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मिमी. हा आपला पाया. आता बाकीची मापं याच्याशी ताडून बघा:

- १८५/६५ आर१५: ६२१.५ मिमी, भिंत १२० मिमी
- १९५/६० आर१५: ६१५ मिमी, भिंत ११७ मिमी
- १९५/५५ आर१६: ६२०.९ मिमी, भिंत १०७ मिमी
- २०५/४५ आर१७: ६१६.३ मिमी, भिंत ९२ मिमी
- २०५/६५ आर१५: ६४७.५ मिमी, भिंत १३३ मिमी

पहिली चारही मापं मूळ व्यासाच्या एक टक्क्याच्या आत बसतात. पाचवं साडेचार टक्के मोठं आहे. "गाडी उंच दिसते" म्हणून काही जण ते लावतात. मग स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर १०४ च्या वर पळत असते, पिकअप मंदावतो आणि आर्चला, म्हणजे चाकावरच्या कमानीला, टायर घासतो. दोन टक्क्यांच्या आत राहा. तीन म्हणजे शेवटची हद्द.

व्यास सारखा असला तरी भिंतीचा आकडा दुर्लक्षू नका. १३२ वरून ९२ वर येणं म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यातलं चार सेंटीमीटर रबर आणि हवा कमी करणं. माझी रिम वाकली ती या चार सेंटीमीटरपायी. आपल्या रस्त्यांवर रोज चालवायच्या गाडीला माझ्या मते १५ इंच पुरे. १६ पर्यंत ठीक, पण डोळे उघडे ठेवून. १७ फक्त प्रदर्शनाला.

याच पिढीच्या महागड्या झेडएक्सआयला कंपनीच १८५/६५ आर१५ देत असे. तुमच्या मॉडेलच्या महागड्या प्रकाराला जे माप मिळतं ते डोळे झाकून घेण्यासारखं, कारण ब्रेकपासून आर्चपर्यंत सगळं तपासून झालेलं असतं. त्याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्यापलीकडचं माप लावायचं असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आधी चाकांकडे बघतो.

३. भाराचा क्रमांक खाली जाऊ देऊ नका

८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो. १८५/६५ आर१५ सहसा ८८ मध्ये मिळतो, म्हणजे ५६० किलो. २०५/४५ आर१७ साध्या प्रकारात ८४, म्हणजे ५०० किलो! दिसायला दांडगा, पेलायला मूळच्यापेक्षा कमजोर. वेगाचं अक्षरही मूळच्याहून खालचं नको. टायरवर आयएसआयची खूण आणि चार आकडी तारीख बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा.

रुंदीचा मोह आवरा. कोकणातल्या पावसात रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. शिवाय स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज पडतं.

४. रिमचे चार आकडे

पहिला पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्टचा ४×१००, पोलोचा ५×१००, फिगोचा ४×१०८. पुंटोचा ४×९८ आहे आणि तिची रिम "बसतेय की साहेब" म्हणून स्विफ्टला ठोकून देणारे महाभाग असतात. दोन मिलिमीटरचा फरक नट ओढून भरून काढतात, आणि नंतर तेच नट सैल होतात. अशा दुकानातून उठून यायचं.

दुसरा मधल्या भोकाचा व्यास. स्विफ्टचा हब, म्हणजे रिम जिच्यावर बसते ती मधली बैठक, ५४.१ मिमी. बाजारातल्या अलॉयचं भोक बरेचदा मोठं असतं, सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून. मधली पोकळी भरायला हब रिंग मिळते. ती नसेल तर बॅलन्सिंग अचूक असूनही ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू शकतं. माझ्या गाडीला हा आजार होता. दोनदा बॅलन्सिंग केलं, काही उपयोग नाही. शेवटी चार रिंगांनी काम झालं.

तिसरा रिमची रुंदी. १८५/६५ ला ५ ते ६.५ इंच चालते, १९५/६० ला ५.५ ते ७.

चौथा ऑफसेट, आणि तो समजायला थोडा किचकट. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो रिमवर ईटी या अक्षरांपुढे कोरलेला असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा, जुनी रिम ५.५ इंची ईटी४५ आणि नवी ६.५ इंची ईटी३५. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण १२.७ मिमी. त्यात ऑफसेटचे १० मिमी मिळवा. चाक २३ मिमी बाहेर, आत मात्र जेमतेम ३ मिमी. आता ६ इंची ईटी४० घ्या: बाहेर ११, आत १.

बाहेर किती जागा आहे? इथे ओळंबा. दोऱ्याला एखादा जड नट बांधा आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेवरून, हबच्या बरोबर वर, खाली सोडा. दोरा आणि टायरचा फुगीर भाग यांतलं अंतर पट्टीनं मोजा. चारही चाकांचं मोजा, डावं-उजवं नेहमी सारखं नसतं. आलेल्या आकड्यातून निदान ५ मिमी सोडून द्या, उरेल ती तुमची मर्यादा. आतल्या बाजूला शॉकअप आणि टायर यांच्यात बोट घालून बघा.

५. पैसे देण्याआधी लावून बघा

टायर न चढवता नुसती रिम पुढच्या चाकाला लावून हातानं फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरवर (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागावर) पोरांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची गोळी चिकटवा. किती चेपली त्यावरून फट कळते. मग एकाच रिमवर टायर चढवायला सांगा आणि टायरच्या खांद्याला खडूनं पांढरा पट्टा काढा. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, मागे तीन माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून हळू न्या. खडू जिथे पुसला गेला तिथे टायर घासतोय. स्प्रिंगा कापून गाडी खाली घेतली असेल तर ही चाचणी चुकवूच नका. घासतंय म्हणून फेंडरची कड ठोकून देऊ का, असं विचारलं तर नाही म्हणा आणि दुसरी रिम मागा.

मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळणं, हवा स्टिकरवरच्या दाबापासून सुरू. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

स्टेपनी मात्र जुनीच १४ इंची राहू द्या. व्यासात दोनेक मिलिमीटरचाच फरक, वेळेला घरापर्यंत नेते. फक्त अलॉयसोबत वेगळे नट आले असतील तर पत्र्याच्या डिस्कचे चार जुने नट पिशवीत बांधून स्टेपनीच्या वाटीतच टाका, आणि लॉक नटची (चोरी टाळणाऱ्या, खास चावीनंच उघडणाऱ्या नटची) चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात. रात्री अकराला पंक्चरवाला मिळतो, चावी मिळत नाही.