हेडफोनमध्ये घरघर? आधी चार्जर काढून पाहा

कॉम्प्युटरवर ऐकताना हेडफोनमध्ये घरघर येत असेल, तर नवा घ्यायला तालुक्याला जाण्याआधी तोच हेडफोन मोबाइलला लावा. तिथे आवाज स्वच्छ आला तर हेडफोन चांगला आहे. आता लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली, तर संशय चार्जरवर किंवा घराच्या अर्थिंगवर घ्या. विदर्भात उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी ओतत राहा, तरी फरक नसेल तर वायरमनला दाखवा. हे आवाजासाठी नाही केलं तरी घरच्यांच्या जिवासाठी कराच.

डेस्कटॉप असेल तर पिन पुढे नको, मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटमधून फिरताना खरखर पकडते.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज ऑनलाइन क्लास सुरू होताच दबका होतो, कारण त्याचाच माइक चालू झालेला असतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, आवाज लगेच खुलतो.

कापसाच्या हंगामात जॅकमध्ये तंतू अडकतात. कॉम्प्युटर बंद करून लाकडी काडीने अलगद काढा, सुई घालू नका.