साताऱ्याच्या घाटांत लाव्हाच्या वळ्या शोधताना या चुका टाळा

यवतेश्वर किंवा आंबेनळी घाटात रस्त्याकडेला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर उघडे पडले आहेत. कातळावर नक्षी दिसली की ‘लाव्हा असा वाहिला’ म्हणून मोकळं होऊ नका. आधी विचारा: हा आकार लाव्हा वाहत असताना आला, की थिजल्यावर?

सगळ्यात जास्त फसवतात ते कातळाचे उभे खांब. ते प्रवाहाने घडत नाहीत. थिजलेला लाव्हा गार होताना आकसतो, तडकतो आणि त्या तडा आत सरकत जातात. पापुद्रे सुटणारे गोल धोंडे तर त्याहून कितीतरी नंतरचे, पाणी मुरून दगड कुजल्यामुळे झालेले. त्यांना पाण्याखाली थिजलेल्या लाव्हाचे गोळे म्हणू नका.

दोरखंडासारख्या वळ्या मात्र खऱ्या प्रवाहाच्या. वरची कातडी गार, म्हणून घट्ट. आतला लाव्हा पातळ. पुढचा भाग मंदावला की मागून रेटा येतो आणि ढकललेल्या सायीसारख्या कातडीला सुरकुत्या पडतात. सुरकुत्यांमधलं अंतर मनमानी नसतं. १९७८ मध्ये फिंक आणि फ्लेचर या संशोधकांनी दाखवलं की गार कातडीची जाडी आणि खोलीनुसार कमी होणारा घट्टपणा यांवरून एक ठरावीक अंतराची घडी सर्वांत वेगाने वाढते. म्हणून नुसता फोटो काढू नका, पट्टी ठेवून दोन वळ्यांच्या माथ्यांमधलं अंतर मोजा. बेसॉल्टमध्ये, म्हणजे या घाटांतल्या काळ्या कातळात, ते बहुधा काही सेंटिमीटर भरतं.

वळ्यांची कमान प्रवाहाच्या दिशेने फुगते, कारण मधला भाग जास्त वेगाने सरकतो. पण एकाच तुकड्यावरून अख्ख्या थराची दिशा ठरवायची घाई नको. लाव्हाच्या जिभा आडव्यातिडव्याही पसरतात. अनेक ठिकाणी पाहा.

वळ्या नाहीत आणि माथ्यावर नुसते तुकडे आहेत? लगेच ‘आआ’, म्हणजे खडबडीत, तुकड्यातुकड्यांचा लाव्हा म्हणू नका. कातडी फार वेगाने ओढली गेली तर दुमडण्याऐवजी फाटते. थराचा तळ बघा: ‘आआ’मध्ये तळालाही तुकडे असतात. तळ सलग, गुळगुळीत असेल तर तो माथा फुटलेला ‘पाहोएहोए’, म्हणजे एरवी सलग, गुळगुळीत किंवा वळ्यांच्या कातडीचा लाव्हा.

थराच्या पोटात बुडबुड्यांचे उभे स्तंभ दिसले तर ती मुळांची भोकं समजू नका. खाली साठलेला, बुडबुड्यांनी हलका झालेला लाव्हा वरच्या जड लाव्हातून असा वर चढतो.

आणि कासच्या पठारावर वळ्या शोधत फिरू नका. तिथे माथ्यावर जांभा आहे. मूळ कातळ कुजून गेल्याने लाव्हाचा पृष्ठभाग उरलेलाच नाही. शोधायचं तर घाटातल्या कड्यावर, एका थरावर दुसरा थर बसलाय त्या सांध्याशी.