पावसाळी नकाशा वर्तुळाने काढू नका

गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या तालुक्याचा आरोग्य-नकाशा करायला बसलं की पहिला मोह होतो तो दवाखान्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ मारण्याचा. मारू नका. वर्तुळाला पर्लकोटा नदी दिसत नाही. कागदावर जवळ दिसणारं गाव पूर आला की तुटतं, आणि नेमकं तिथेच कुणाचे तरी दिवस भरत आलेले असतात.

सुरुवात गावांच्या यादीने करा, पण जोडणी नावाने नको, जनगणनेच्या गाव-कोडने. एकाच नावाची गावं आणि एकाच गावाची चार स्पेलिंगं, दोन्ही इथे भरपूर. टोले, म्हणजे गावापासून सुट्या छोट्या वस्त्या, त्या यादीत नसतात. ते आशाताईंना विचारून वेगळे टाका. नकाशावर गावाचा बिंदू अंगणवाडीवर घ्या. अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे भरले तर आपला टोला थेट नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डच्या बर्फात जाऊन बसतो. हसू येतं, पण निदान चूक लगेच कळते.

नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच वापरा. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) ईपीएसजी ३२६४४ या क्रमांकाचं ठेवा. पुण्याकडच्या व्हिडिओत ३२६४३ सांगतात, ते आपल्याकडे चालत नाही, कारण आपण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला.

आता खरं काम. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून रस्ते आणि पायवाटा उतरवा, त्यात ‘पावसाळा’ नावाचा रकाना जोडा. मग एएनएम (उपकेंद्राच्या नर्सताई) आणि आशांना समोर बसवून विचारा: कुठला नाला पहिला चढतो? मोटरसायकल कुठे थांबते? खाट घेऊन कुठून चालावं लागतं? बंद होणाऱ्या प्रत्येक तुकड्याला ० लिहा. हे कुठल्याही उपग्रहचित्रात मिळत नाही, म्हणून यात घाई करू नका. नंतर दवाखान्यापासून रस्त्याने कुठवर पोचता येतं ते दाखवणारं क्यूजीआयएसमधलं ‘सर्व्हिस एरिया’ हे साधन दोनदा चालवा: एकदा सगळ्या रस्त्यांवर, एकदा ० वाले गाळून. पहिल्यात असलेली आणि दुसऱ्यात गळलेली गावं म्हणजे तुमची यादी. (रेषांची टोकं जुळलेली नसली तरी गाव गळतं, तेवढं तपासा.)

त्या गावांना जुलै ते सप्टेंबरमधल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखा जोडा. या बायकांना माहेरघरात (प्रसूतीआधी दवाखान्याजवळ राहायच्या सोयीत) कधी आणायचं, ते नाला चढण्याआधी ठरवा. सासूशी बोलणं नकाशा करत नाही, ते आशाताईच करतात. नकाशावर नाव नको, फक्त गाव आणि संख्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नावांची फाइल अजिबात नको.

पाऊस सरला की कुठला नाला प्रत्यक्षात किती दिवस बंद होता ते त्याच रकान्याशेजारी भरून ठेवा. पुढच्या जूनमध्ये तेच कामाला येतं.