कॉलेजातला कर्मचारी गौरव: यादीपासून बातमीपर्यंत

गौरव समारंभाची तयारी हॉल ठरवून सुरू करू नका, सेवापुस्तकं काढून करा. यंदा कोण निवृत्त होणार, कुणाची २५ वर्षं भरली, कुणी सेट-नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. पूर्ण केली, ही यादी कार्यालयातूनच येते. आठवणीवर यादी केली की ग्रंथालय परिचर किंवा रात्रपाळीचा पहारेकरी हमखास सुटतो. चूक कळते ती कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी.

तारीख

अनुदानित कॉलेजांत प्राध्यापक ६० व्या वर्षी निवृत्त होतात, लिपिकवर्ग ५८ व्या, आणि शिपाई-परिचर हा चतुर्थ श्रेणीतला वर्ग ६० व्या. वय ज्या महिन्यात पूर्ण होतं त्या महिन्याचा शेवटचा दिवस हा नोकरीचा शेवटचा दिवस. जन्मतारीख १ असेल तर मात्र आदल्या महिन्याची अखेर धरतात. आता गंमत बघा: गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख सरसकट १ जून लावलेली पिढी सध्या निवृत्त होते आहे. त्यामुळे यादीतले बरेच लोक ३१ मे रोजी बाहेर पडतात. त्या दिवशी प्राध्यापक सुट्टीवर, मुलं घरी, आणि आवारात फक्त कार्यालय चालू. ३१ मेला मोठा समारंभ ठेवलात तर रिकाम्या खुर्च्यांसमोर सत्कार होईल.

म्हणून दोन भाग करा. मुख्य सेवागौरव मार्चमध्ये, विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होण्याआधी, सकाळी ११ वाजता. एप्रिलची संध्याकाळ मांडवात घेऊ नका. वळीव आला की मांडव आणि साउंड दोन्ही जातं. ३१ मेला दुपारी ४ वाजता कार्यालयातच छोटा निरोप: चहा, कंदी पेढे आणि तोवर तयार झालेली कागदपत्रं हातात. मार्चमधल्या फलकावर ‘सेवानिवृत्ती समारंभ’ लिहू नका, माणूस अजून दोन महिने कामावर आहे. ‘सेवागौरव’ लिहा.

बाकीचे सत्कार एकाच दिवशी कोंबायचं कारण नाही. ग्रंथालयातल्या लोकांसाठी १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन आहे. प्रयोगशाळेतल्यांसाठी २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी २४ सप्टेंबर, म्हणजे एनएसएस दिन. महिला कर्मचाऱ्यांसाठी ८ मार्च सगळेच धरतात. सातारा जिल्ह्यात ३ जानेवारी जास्त शोभतो, कारण सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यातलं. रयत शिक्षण संस्थेच्या शाखांत २२ सप्टेंबरला, संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीला, मिरवणूक, भाषणं असं सगळंच असतं. त्या दिवशी चार-पाचांपेक्षा जास्त सत्कार घेऊ नका, लक्ष राहत नाही.

नावं

सर्वांत जास्त वेळ इथे घाला. सेवापुस्तकात आणि पगारपत्रकात नाव बहुधा इंग्रजीत असतं, आणि त्यावरून कुणीतरी मराठी टाइप करतं. इंग्रजी अक्षरांत काले हे गाव आणि काळे हे आडनाव सारखंच दिसतं. पोळ आणि पोल, साठे आणि साथे यांचीही तीच गत. घाडगे की घाटगे हेही ऐकून ठरवू नका. साधा उपाय: प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि ‘तुमचं नाव जसं छापून यायला हवं तसं स्वतःच्या अक्षरात लिहा’ म्हणा. त्याच कागदावर पद, रुजू झाल्याची तारीख आणि घरच्या किती माणसांना घेऊन येणार तेही लिहून घ्या. तारीख सेवापुस्तकाशी ताडून बघा. फ्लेक्स, सन्मानपत्र, सन्मानचिन्ह, निवेदकाचा कागद आणि बातमी, या पाचही ठिकाणी नाव त्या कागदावरूनच उतरवा, एकमेकांवरून नाही.

पदनामाचंही तेच. प्रयोगशाळा सहायक आणि प्रयोगशाळा परिचर ही दोन वेगळी पदं आहेत. प्रबंध सादर केला म्हणजे डॉ. झाले असं नाही. पदवी जाहीर झाल्याची अधिसूचना बघूनच नावामागे लावा.

संस्थेच्या नावाचा घोळ साताऱ्यात हल्ली जास्त होतो. बोलताना आपण वायसी, डीजी म्हणतो. छापताना यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स. ही दोन आणि छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाची घटक महाविद्यालयं आहेत, तर जिल्ह्यातली बहुतेक पारंपरिक महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. आपण ‘घटक’ (विद्यापीठाचाच भाग) की ‘संलग्न’ (विद्यापीठाशी जोडलेलं) हे एकदा नीट लिहून ठेवा. प्रास्ताविकात आणखी एक चूक वर्षानुवर्षं ऐकू येते: रयत शिक्षण संस्था १९१९ साली साताऱ्यात स्थापन झाली. वर्ष बरोबर, गाव चूक. संस्था सुरू झाली कराड तालुक्यातल्या काले इथे. मुख्यालय साताऱ्यात आलं १९२४ साली.

सन्मानपत्राचा मजकूर

मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, विद्यार्थिप्रिय. हे चार शब्द कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणालाच लागू पडत नाहीत. कच्चा मजकूर आला की आधी हे खोडा. मग त्या माणसाच्या विभागात जा आणि दोनच प्रश्न विचारा: ही व्यक्ती रजेवर असते तेव्हा काय अडतं? आणि असं कोणतं काम आहे जे हीच व्यक्ती करते? उत्तर मिळालं की मजकूर आपोआप लिहून होतो.

रसायनशास्त्राच्या परिचराचं सन्मानपत्र नमुन्यादाखल असं होऊ शकतं: (ब्युरेट म्हणजे द्रव मोजून सोडायची तोटीची काचनळी) ‘प्रात्यक्षिकाच्या आधी ४० ब्युरेट धुऊन, तोटीला व्हॅसलीन लावून, गळती तपासून ठेवणं हे काम आपण २६ वर्षं केलंत. एकाही बॅचला गळकी ब्युरेट मिळाली नाही. बाटलीवरचं लेबल पुसट झालं की विद्यार्थ्याने सांगण्याआधी आपण ते बदललंत.’ तिसाच्या आसपास शब्द झाले, आणि हे दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

लांबी मोजून ठेवा. व्यासपीठावरून स्वच्छ वाचायचं तर मिनिटाला ९० ते १०० शब्द होतात. निवृत्त होणाऱ्यांसाठी १२० शब्द, बाकीच्यांसाठी ५०. ‘आपण’ धरलंत तर शेवटपर्यंत ‘आपण’ ठेवा. मध्येच ‘त्यांनी’ आलं की वाचणारा अडखळतो.

व्यासपीठ

१२ जणांचा सत्कार असेल तर हिशेब असा: मजकूर वाचन, चालत येणं, सत्कार, फोटो, परत जाणं मिळून माणशी अडीच मिनिटं, म्हणजे अर्धा तास. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन आणि स्वागत १० मिनिटं, प्रास्ताविक ५, तीन मनोगतं १२, पाहुणे १५, अध्यक्ष १०, आभार ३. एकूण ८५ मिनिटं. दीड तासाच्या पुढे गेलात तर मागच्या रांगा रिकाम्या होतात. म्हणून पाहुण्यांचा सत्कार एकाच वेळी उरका. तो लांबला की ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांचा सत्कार घाईत होतो. क्रम लावताना निवृत्त होणारे आधी, आणि त्यातही शिपाई-परिचर पहिल्यांदा घ्या. सवय उलटी आहे, पण सुरुवातीला सभागृह भरलेलं असतं.

समईच्या वाती अर्धा तास आधी तेलात भिजवा आणि टोकाला चिमूटभर कापूर चोळा. व्यासपीठावरचा पंखा दीपप्रज्वलनापुरता बंद करायला एक मुलगा बटणापाशी उभा करा. पाचवी वात पेटेना आणि पाहुणे वाकून उभे, हा देखावा जवळजवळ प्रत्येक कॉलेजात दिसतो.

सत्काराच्या वस्तूंचा क्रम हाताच्या सोयीने ठरवा. फेटा असेल तर तो आधीच, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी बांधून घ्या. व्यासपीठावर बांधायला लागलात तर माणशी तीन-चार मिनिटं जातात. मग शाल, कारण ती खांद्यावर गेली की हात मोकळे राहतात. नंतर श्रीफळ, शेवटी सन्मानपत्र. श्रीफळ हातात असतानाच सन्मानपत्राची फ्रेम दिली की माणूस गोंधळतो, नारळ काखेत जातो आणि फोटो तसाच येतो. त्यासाठी तीन स्वयंसेवक हवेत: एक ताट पुढे करणारा, दुसरा श्रीफळ लगेच मागून काढून घेणारा, तिसरा पुढच्या माणसाला पायरीशी आणून उभा करणारा. चढायचं एका बाजूने, उतरायचं दुसऱ्या.

शाली आदल्या दिवशी प्लास्टिकमधून काढून घडी अर्धी उलगडून ठेवा. पिशवीचा चुरचुर आवाज माइकमध्ये सगळ्यांत मोठा ऐकू येतो. किमतीची चिठ्ठी प्रत्येक वस्तूवरून काढली का, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. दोन शाली जास्तीच्या आणा, कारण आयत्या वेळी कुणाचं तरी नाव ‘घ्यावंच लागतं’.

पुष्पगुच्छाऐवजी रोप देता हे चांगलंच, पण नर्सरीची काळी पिशवी तशीच हातात दिली तर चिखल नव्या साडीवर गळतो. रोपांना आदल्या संध्याकाळी पाणी घाला, सकाळी नको, आणि पिशवी गोणपाटात बांधा.

महिला कर्मचाऱ्यांच्या सत्कारात हळदी-कुंकवाचं ताट फिरवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ती बंद करा. पतीचं निधन झालेल्या भगिनीपाशी ताट आलं की पुढे करणारीचा हात थांबतो, आणि तो क्षण सगळं सभागृह बघतं. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र सगळ्यांना एकसारखं. शाल व्यासपीठावरच्या एखाद्या बाईंच्या हस्ते द्यावी का, हे ज्यांचा सत्कार आहे त्यांनाच आधी विचारा.

घरच्या माणसांना दुसरी रांग राखून ठेवा. पहिल्या रांगेत सत्कारमूर्ती, पुकारण्याच्या क्रमाने. खुर्चीवर नावाची चिठ्ठी चिकटवली नाही तर तिथे नेमकी दुसरीच मंडळी बसतात.

फोटो

चकचकीत फ्लेक्सवर फ्लॅश परततो आणि डोक्यामागे पांढरा डाग येतो. मॅट फ्लेक्स सांगा, नाहीतर फोटोग्राफरला थोडं तिरकं उभं करा. प्रोजेक्टर सत्काराच्या वेळी बंद ठेवा, नाहीतर अक्षरं माणसांच्या कपाळावर उमटतात. सन्मानपत्र देताना देणारा कागदाकडे बघतो, घेणारा पायाकडे. निवेदकाने ‘कृपया समोर पाहावं’ म्हणून तीन सेकंद थांबायचं. प्रत्येकाचे किमान तीन फोटो घ्या, कारण एकात डोळे मिटलेले असतातच. पाहुणे निघण्यापूर्वी एकत्रित फोटो घ्या आणि तिथेच वहीत डावीकडून नावं लिहा. संध्याकाळी फोटो बघून नावं आठवायला बसलात तर दोन तरी अदलाबदल होतात.

बातमी

ऐक्य, पुढारी, सकाळ, लोकमत, कुठेही पाठवा, ती त्याच दिवशी पाचच्या आत पोचली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाठवलेली बातमी शिळी. लांबी १५० ते २०० शब्द. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद कापला जातो, आणि आपल्याकडे सत्कारमूर्तींची नावं नेमकी शेवटच्या परिच्छेदात असतात. पहिल्या चार ओळींत अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, उपप्राचार्य, आणि तळाला ‘आदींचा सत्कार करण्यात आला’. हे उलटं करा. पहिलं वाक्य कुणाचा, कशासाठी, किती वर्षांच्या सेवेबद्दल. दुसऱ्यात कुणाच्या हस्ते, कुठे. भाषणातलं एखादंच वाक्य घ्या, तेही खरंच बोललेलं. ‘मोठ्या उत्साहात संपन्न झाला’ काढून टाका. संपादक तसंही काढतो.

मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या टाइपात), मेलच्या किंवा मेसेजच्या अंगातच पाठवा. लेटरहेडवर टाइप करून त्याचा फोटो पाठवला तर तिकडे कुणीतरी पुन्हा टाइप करणार, म्हणजे पोळ यांचे पुन्हा पोल होणार. जुन्या श्रीलिपी फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांखालून घाला, कारण बदलताना तीच मोडतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसतो. दोन कॉलमचा फोटो साधारण ८ सेंटिमीटर रुंद; ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला सुमारे ९५० पिक्सेल लागतात. पण एकत्रित फोटोतून एखाद्याचा चेहरा कापून घ्यायचा असेल तर मूळ फाइलच हवी. फाइलला कॅमेऱ्याचा आकडा ठेवू नका, कार्यक्रमाचं नाव आणि तारीख द्या.

बातमी चुकीची छापून आली तर खुलासा कॉलेजनेच पाठवावा, सत्कारमूर्तीला वर्तमानपत्राच्या कार्यालयात पाठवू नये. कात्रण, कार्यक्रमपत्रिका आणि उपस्थितीची यादी त्याच आठवड्यात आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) फाइलला लावा. नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) वेळी वर्षभराचं एकदम शोधायला बसलं की निम्मं सापडत नाही. आणि ग्रुपवर फोटो टाकले म्हणजे ते सगळ्यांना मिळाले असं धरू नका. बऱ्याच शिपाई-परिचरांचा मोबाइल साधा असतो. शाल घेतानाचा एक फोटो ६ बाय ८ मध्ये छापून, मागे तारीख लिहून, ३१ मेच्या चहाला पाकिटात द्या.