सहल स्वस्तात करताना खान्देशातील कुटुंबांनी या चुका टाळाव्यात

जळगाव किंवा धुळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला मुलांसह एक दिवस मोकळ्या हवेत घालवायचा असेल, तर त्यासाठी फार मोठी रक्कम बाजूला काढावी लागत नाही. जळगावचा मेहरूण तलाव आणि धुळ्याचा नकाणे तलाव शहराजवळच आहेत, लळिंगचा किल्ला धुळ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे, आणि पद्मालय, चांगदेव, पाटणादेवी ही ठिकाणे सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगी आहेत. असे असूनही अनेक घरांत सहलीनंतर हिशेब केल्यावर आकडा अपेक्षेच्या दुप्पट निघतो आणि मुले आजारी पडतात ती वेगळीच. यामागच्या चुका बहुधा निघण्यापूर्वीच झालेल्या असतात, त्यामुळे त्या टाळणेही आपल्या हाती असते.

उन्हाचा हिशेब न करणे

आपल्याकडे सर्वांत महाग पडते ती उन्हाची चूक. शाळेला मे महिन्यात सुटी लागते म्हणून सहलही मे महिन्यातच ठरते, आणि त्याच दिवसांत खान्देशात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढलेला असतो. सकाळी आठला निघायचे ठरलेले कुटुंब प्रत्यक्षात दहाला निघते, ठिकाणावर पोहोचेपर्यंत दुपार होते, आणि मग सावलीसाठी हॉटेलात बसणे, थंड पेयांच्या बाटल्या घेणे आणि परतीला रिक्षा करणे अशी खर्चाची रांगच लागते. दिवसभराची सहल दिवाळीच्या सुटीपासून फेब्रुवारीपर्यंतच करावी, हे माझे ठाम मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत मुलांना बाहेर न्यायचेच असेल, तर पहाटे तलावाकाठी जाऊन नऊच्या आत घरी यावे किंवा ऊन कलल्यावर संध्याकाळी निघावे. लळिंगच्या चढणीवर सावली फारशी नाही, म्हणून हिवाळ्यातही तो किल्ला सकाळच्या वेळीच चढावा.

एवढी काळजी घेऊनही एखाद्या मुलाला किंवा वडीलधाऱ्यांना चक्कर आली, मळमळू लागले, तर त्यांना ताबडतोब सावलीत आडवे करावे, अंगावरचे कपडे सैल करावेत, मान, काखा आणि कपाळ ओल्या फडक्याने पुसत राहावे आणि शुद्ध पूर्ण असेल तरच मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्यावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग तापून घाम येणे थांबले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग गार करणे चालू ठेवावे.

एसटीच्या सवलती आणि परतीची गाडी विसरणे

पाच जणांसाठी खासगी गाडी ठरवण्यापूर्वी एसटीचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना निम्मे तिकीट लागते. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे आणि त्याहून लहान मुलांना तिकीट नाही. आई, वडील, ७६ वर्षांच्या आजी, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी अशा पाच जणांच्या घराला मिळून केवळ दोन पूर्ण तिकिटांएवढेच भाडे पडते. मात्र आजींच्या वयाचा पुरावा देणारे ओळखपत्र घरी राहिले, तर मोफत प्रवासाची सवलत मिळत नाही, म्हणून ते डब्याच्याही आधी पिशवीत जावे.

परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे न विचारण्याची चूक आमच्या घरानेही केली आहे. पाटणादेवीला गेलो असताना मुले ओढ्याकाठी रमली, संध्याकाळ कशी झाली हे कळले नाही, आणि थांब्यावर आलो तेव्हा गाडी निघून गेली होती. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, धाकटीला झोप आली होती, आणि चाळीसगावपर्यंत मिळालेल्या वाहनाने सहलीच्या एकूण खर्चाएवढे भाडे घेतले. तेव्हापासून उतरताक्षणी वाहकांना परतीची वेळ विचारतो आणि शेवटच्या गाडीवर विसंबून न राहता तिच्या आधीची गाडी धरतो.

एकाच दिवसात सगळे पाहण्याचा अट्टहास

एका दिवसात तीन ठिकाणे गाठण्याच्या नादात दिवस गाडीतच जातो आणि इंधनाचा खर्च वाढतो. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्याचा भाग आहे. मंदिर, केदारकुंड आणि धवलतीर्थ एवढेच निवांत पाहायचे ठरवले तरी दिवस पुरत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख याच पाटण येथे आहे, आणि गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलांनाही ही गोष्ट तिथे उभी राहून सांगितली, तर ती लक्षपूर्वक ऐकतात. अजिंठ्याला जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. तिथे पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही, परंतु स्वतःचे वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे अंतर बसने जावे लागते. ते भाडे आणि वाहनतळाचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत. पद्मालयला चतुर्थीला आणि पाटणादेवीला नवरात्रात मोठी गर्दी असते, त्यामुळे लहान मुले बरोबर असल्यास या तिथी सोडून जावे.

डब्यात चुकीचे पदार्थ नेणे

दहीभात आणि बटाट्याची ओली भाजी दुपारपर्यंत आंबते, डबा फेकावा लागतो आणि बाहेरच्या जेवणाचा खर्च अंगावर येतो. आपल्या आयाबायांनी प्रवासासाठी दशम्या केल्या त्या विचारपूर्वकच. दशमी, शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा, गूळ आणि भरपूर केळी एवढ्यावर पाच जणांचे जेवण उत्तम होते. पाणी माणशी किमान दोन लिटर न्यावे. छागल, म्हणजे पाण्याची जाड कापडी पिशवी, असेल तर ते गारही राहते.

पावसाळ्यात पाण्यात उतरणे

मनुदेवीसारख्या धबधब्यांखाली किंवा तापीच्या पात्रात मुलांना उतरवणे ही चूक तर पैशांत मोजता येत नाही. सातपुड्यात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो, आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालच्या पात्राची पातळी झपाट्याने वाढते. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा वाहत येणे किंवा वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे, यांपैकी काहीही जाणवले, तर चपला-पिशव्या गोळा करत न बसता मुलांना घेऊन थेट उंचावर जावे.

भरीत पार्टीची जागा चुकणे

हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीइतकी स्वस्त आणि आनंदाची सहल दुसरी नाही, फक्त तिची जागा नीट निवडावी लागते. अभयारण्यात विस्तव पेटवण्यास मनाई आहे. शेतातसुद्धा ज्या झाडावर आग्या मोहोळ आहे, त्याच्या खाली किंवा वाऱ्याने धूर त्याच्याकडे जाईल अशा जागी वांगी भाजू नयेत, कारण धुराने माशा उठतात आणि पळणाऱ्यांचा दूरवर पाठलाग करतात. ओळखीच्या शेतकऱ्यांना आदल्या दिवशी विचारून घ्यावे, उभ्या पिकापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर मोकळी जागा पाहावी, बादलीभर पाणी जवळ ठेवावे आणि निघताना राख हाताला गार लागेपर्यंत तिच्यावर पाणी ओतत राहावे.