गच्चीवरचं सोलर: किती किलोवॉट घ्यायचं ते बिलाला विचारा

विक्रेत्याला फोन करण्याआधी मागची बारा वीजबिलं काढा आणि युनिटांची बेरीज करा. महाराष्ट्रात एक किलोवॉटचं पॅनल वर्षाची सरासरी धरून दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. जुलै-ऑगस्टात हा आकडा चांगलाच खाली येतो.

समजा घरात महिन्याला ३०० युनिट लागतात. विक्रेता ३ किलोवॉट सुचवेल. आमच्या मते २ पुरे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिली १०० युनिटं सगळ्यांत स्वस्त. २ किलोवॉटने २४० युनिटं, तीही बहुतेक वरच्या महाग टप्प्यातली, कापली जातात. उरतात ती स्वस्तातली ६०. तिसऱ्या किलोवॉटने एवढीच वाचणार. जास्तीची ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात जातात, पुढच्या बिलांत वळती होतात आणि आर्थिक वर्षाअखेरीस जी शिल्लक राहील तिला किरकोळ भाव मिळतो. अनुदानही तिथेच आटतं: २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आहेत, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० च्या पुढे काही नाही. एसी किंवा ई-स्कूटर येणार असेल तर मात्र ३ घ्या. जाहिरातीतल्या ‘शून्य बिला’वर जाऊ नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

आता गच्ची. किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा धरा. ५४० वॉटची चार पॅनलं म्हणजे २.१६ किलोवॉट, एकेक पॅनल सुमारे साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतं. तोंड दक्षिणेकडे, कल १५ ते २० अंश.

सगळ्यांत जास्त फसगत सावलीत होते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा पाहणी केली की गच्ची लख्ख दिसते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि टाकीची, जिन्यावरच्या खोलीची सावली लांबवर पसरते. पॅनलं एकापाठोपाठ एक जोडलेली असतात. एकाच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याचा मोठा भाग बंद पडतो आणि साखळीतली वीज त्या प्रमाणात घटते. म्हणून मोबाइलवरच्या सूर्यमार्ग दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये २१ डिसेंबर टाका, सकाळी नऊ आणि दुपारी तीनची सावली बघा आणि गच्चीवर खडूने आखून ठेवा. टाकी दक्षिणेला असेल तर ती हलवणं हे जास्तीचं पॅनल घेण्यापेक्षा बरं.

अर्ज योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून करायचा. वीजबिल आणि बँक खातं एकाच नावावर असू द्या. विक्रेता नोंदणीकृत हवा आणि पॅनलं भारतात बनलेल्या सेलची, नाहीतर अनुदान अडकतं. पैसे आधी पूर्ण भरावे लागतात. नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) लागून यंत्रणा सुरू झाली की अनुदान खात्यात जमा होतं.

काम चालू असताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. सांगाड्यासाठी स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, पावसात गळेल. सिमेंटचे ठोकळे वापरायला सांगा. पॅनलच्या वायरींचे कनेक्टर दोन वेगळ्या कंपन्यांचे जोडले तर पकड सैल बसते, तापतं आणि जळतं. अर्थिंग तीन हवीत: आभाळातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाचं, पॅनलकडच्या डीसी विजेचं आणि घराकडच्या एसी विजेचं.

लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलर भर उन्हातही बंद होतं. हा बिघाड नाही: तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरातल्या एसीत बदलणारं यंत्र) स्वतःच थांबतो.

पॅनलं कोरड्या दिवसांत पंधरवड्याला पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते, आणि बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर बसतो.

आणि हवेचं? दोन किलोवॉटची यंत्रणा वर्षाला सुमारे २,९०० युनिट देते. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे जवळपास दोन टन वाचतो. संध्याकाळी मात्र कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतला कोळसाच घरात येतो, त्यामुळे पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी उरकलेली बरी.

पहिल्या बिलात ‘निर्यात’ युनिटं तपासा. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधल्या उत्पादनातून घरात दिवसा वापरलेली वीज वजा केली की तोच आकडा यायला हवा. तिथे शून्य दिसलं तर मीटर बदललाय पण बिलिंगमध्ये नोंदला नाही, असं समजून लगेच लेखी तक्रार द्या.