शेवटच्या रांगेतून भाषण ऐकताना

मी वक्त्यांची तयारी करून घेते. भाषणाच्या दिवशी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसते. चुळबुळ सुरू झाली की वक्ता त्या क्षणी काय बोलत होता, ते वहीत टिपते. बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: वक्ता उत्तर देत सुटलेला असतो आणि लोकांना प्रश्नच पडलेला नसतो.

म्हणून आधी लोकांना प्रश्न पडू द्या. 1986 मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताची चौकशी चालू होती. रॉकेटच्या सांध्यातलं रबर थंडीत ताठरतं का, यावर तांत्रिक चर्चेचा खल झाला होता. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा छोट्या क्लॅम्पमध्ये आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून क्लॅम्प सोडला, तर दबलेलं रबर लगेच पूर्ववत होईना. आधी दाखवलं, अर्थ मागाहून सांगितला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

वस्तू हातात हवीच असं नाही. एक परिचारिका हात धुण्यावर बोलणार होती. तिच्या कच्च्या भाषणात पहिली चार मिनिटं जंतुसंसर्गाची व्याख्या होती. मी विचारलं, "एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना तू कशाकशाला हात लावतेस?" ती आठवून सांगू लागली: पडद्याची कड, खिशातलं पेन, फोन, मग दुसऱ्या रुग्णाचं मनगट. भाषणाची सुरुवात तिथूनच केली. 'मनगट' म्हणून ती थांबली, ठरल्याप्रमाणे मनात तीन आकडे मोजले. समोरच्या कितीतरी जणांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. व्याख्या त्यानंतर आली आणि लोकांनी ती मन लावून ऐकली.

हे थांबणं सरावाशिवाय जमत नाही, व्यासपीठावर तीन आकडेही फार लांब वाटतात. घरी उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोला. मनातल्या मनात वाचणं म्हणजे सराव नव्हे. पहिली दोन वाक्यं पाठ करा, बाकीचे मुद्दे कागदावर पुरेत. स्वतःची ओळख सूत्रसंचालकावर सोपवा. वेळ कमी उरला तर वेग वाढवू नका, एक अख्खा मुद्दा गाळा. कोणता गाळायचा, ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

आणि कुणी प्रश्न विचारला तर उत्तराआधी तो माइकवरून पुन्हा सांगा. शेवटच्या रांगेपर्यंत तो पोहोचलेला नसतो.